तीन वर्षांखालचं मूल

बालवाड्या तपासणं ही नोकरी असू शकते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "पोट्टे खेयतेत अन् तू पाह्यतं. याचा सरकार तुले पगार देते?" असं त्या दर महिन्याला एकदा तरी विचारत. मी दौऱ्यावरून धुळीनं माखून आले की त्याच पहिला चहा करून देत, पण प्रश्न काही सोडला नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर मलाही वाटतं, बाईंचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

माझे वडील अमरावतीला फुलांचे हार विकत. घरात शिकलेली मी पहिली. बालशिक्षणाची पदविका घ्यायला पुण्याला गेले आणि परत आले ती डोक्यात वारं भरूनच. लाकडी ठोकळे, रंगीत मणी, मुलाच्या उंचीचा आरसा, हे सगळं मला पाठ होतं. मुलं मात्र अजून पाठ व्हायची होती.

नोकरी लागली तेव्हा आमचा वऱ्हाड नुकताच नागपूरच्या कारभारातून निघून मुंबईच्या कारभारात आला होता. पुढे महाराष्ट्र झाला. पण कपाटं तीच राहिली. वरच्या खणात जुन्या राज्याचे नियम, खालच्या खणात नव्या राज्याचे, आणि दोहोंच्या मध्ये आम्ही. बालवाडी म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शाळा. ती चालवायचं महिला मंडळानं किंवा ग्रामपंचायतीनं, मान्यता द्यायची सरकारनं. मान्यता टिकवायची तर पट ठराविक आकड्याखाली जाऊन चालत नसे. मी पर्यवेक्षिका. गावोगाव जायचं, पाहायचं आणि शेरेबुकात शेरा लिहायचा, एवढं माझं काम.

"धोरण ठरतं" असं आपण म्हणतो. वाचकाला वाटतं, मुंबईला लांबलचक टेबलाभोवती थोर माणसं बसतात आणि ठरवतात. बसतही असतील. मी पाहिलेलं धोरण असं होतं: वरून एक मसुदा येतो, खाली सगळे त्यावर आपापला अभिप्राय लिहितात, आणि वरचा एखादा दमलेला अधिकारी त्यातली बरी वाक्यं उचलून मसुद्यात चिकटवतो. ज्याचं वाक्य सुटसुटीत, त्याचं धोरण. माझी वाक्यं सुटसुटीत असत, आणि घात तिथेच झाला.

पहिलं वाक्य चांगलं निघालं होतं. परतवाड्याच्या एका बालवाडीत मी गेले तर खेळणी कुलूपबंद कपाटात, एकदम कोरी करकरीत. सेविका म्हणाली, "बाई, पोट्ट्याईच्या हातात देल्ली तं तुमी यायच्या आधीच मोडतीन ना. तुमाले काय दाखवू मंग?" तिचं म्हणणं तिच्या परीनं बरोबर होतं, कारण आधीच्या तपासनिसांनी मोडकं खेळणं दिसलं की रागावूनच शेरा दिलेला होता. मी अभिप्रायात लिहिलं, "मोडलेली खेळणी हा बालवाडी चालू असल्याचा पुरावा समजावा." ते वाक्य जसंच्या तसं नियमात आलं. धारणीकडच्या आडरानातल्या बालवाड्यांतसुद्धा कपाटं उघडली. मी ते परिपत्रक नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं, आणि मला वाक्यं लिहायची चटक लागली.

दुसरं वाक्य मी अमरावतीतच बसून लिहिलं. शहरातल्या एका बालवाडीत मोठ्या मुली तान्ही भावंडं कडेवर घेऊन येत. ती रडत, ओली करत, आणि शिकवणाऱ्या बाईंचा सगळा वेळ फडकी शोधण्यात जाई. पुण्यात मला शिकवलं होतं की प्रत्येक वयाची जागा वेगळी. मसुद्यावर मी लिहिलं: "तीन वर्षांखालील भावंडास सोबत घेऊन येणाऱ्या बालकास अथवा विद्यार्थिनीस बालवाडीच्या अथवा शाळेच्या आवारात प्रवेश देऊ नये." उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परिपत्रक आलं. कलम नऊ, अक्षरन् अक्षर माझं.

त्याच हिवाळ्यात मी अकोल्याच्या दौऱ्यावर निघाले. तेल्हाऱ्यापर्यंत मोटार, तिथून पुढे दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, आणि बाया पोटाशी ओट्या बांधून वेचणीला वाकलेल्या. ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायची फडक्याची झोळी. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती होती. वस्तीच्या लोकांनी विहारासाठी जागा राखून उरलेल्या जागेवर बालवाडीची टिनाची शेड घातली होती, आणि लागूनच सरकारी प्राथमिक शाळा. दोन्हींचं आवार एकच. सेविका सुभद्राबाई त्याच वस्तीतल्या, सातवी पास. या बालवाडीबद्दल मी ऑफिसात नेहमी चांगलं बोलत असे.

शेडमध्ये सहा मुलं होती. मागच्या भेटीत बसायला जागा नव्हती.

"बाकीची कुठे गेली?" मी विचारलं.

सुभद्राबाईंनी भिंतीवर खिळ्याला लावलेलं परिपत्रक काढून माझ्या हातात दिलं. "ह्या कागदानं नेली."

मला काही कळेना. मग त्यांनी मला मूल समजून समजावलं. दिवस उगवला की आया वेचणीला जातात. घरी तान्हं असतं, ते आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या कडेवर. तीच पोरगी एका हातानं मधल्या भावाला बालवाडीत आणते, तान्ह्याला शाळेच्या ओसरीत गोधडीवर टाकते आणि दुसरीच्या वर्गात जाऊन बसते. तान्हं रडलं की उठून येते. आता तान्ह्याला आवारात बंदी, म्हणून मोठी घरी बसली. मोठी घरी, तर मधल्याला आणणार कोण आणि नेणार कोण? एका कलमानं घरातली दोन-दोन मुलं घरी बसवली होती.

"गुरुजी म्हन्ले, सरकारचा हुकूम हाय, मी काय करू," सुभद्राबाई म्हणाल्या. "अन् बाई, खरं सांगू? 'आवारात प्रवेश देऊ नये' हे आमच्या लोकाईनं आधी लय जागी आयकलं. देवयात, इहिरीवर. आता वाटलं व्हतं का सुटलो. तं हे सरकारच्याच कागदावर आलं. लिवनाऱ्याच्या मनात तसं नसन बी. पन आमाले ते तसंच आयकू येते."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही. लिहिणारी समोर पाटावर बसून त्यांचाच चहा पीत होती. त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. शरम वाटली, हे एक कारण, आणि भीती वाटली, हे दुसरं.

परत येताना शाळेच्या कुंपणाबाहेर एक मुलगी दिसली. कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ, आणि कान आतल्या पाढ्यांकडे. पंचफुला तिचं नाव, दुसरीत होती. बाळ तिचा धाकटा भाऊ, मिलिंद. मी सांगितल्यावरून गुरुजींनी आत ये म्हणून हात केला तरी ती कुंपणाच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हती. गुरुजी म्हणाले, वर्गातली हीच पहिली वाचायला लागली होती.

नियमाप्रमाणे मला "पट अपुरा, मान्यता काढावी" असा शेरा देणं भाग होतं. सरकारी भाषेत मात्र एक फार सोयीचा शब्द आहे, आणि तो मला त्या दिवशी आठवला. मी शेरेबुकात लिहिलं, "लहान भावंडांची व्यवस्था ओसरीत प्रायोगिक तत्त्वावर करून पाहावी." प्रायोगिक म्हटलं की कोणी विचारत नाही. सुभद्राबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात ओसरीच्या वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. मोठ्या मुलींनी आपसात पाळ्या लावल्या. एक तास एक मुलगी झोळ्या हलवी, बाकीच्या वर्गात. घंटा झाली की पाळी बदले. अशी व्यवस्था मला पुण्यात कोणी शिकवली नव्हती. पट वर आला आणि मान्यता वाचली.

पंचफुला आली नाही. पुढच्या भेटीत मी मुद्दाम तिच्या घरी गेले. तिची आई गोकर्णा शेतावरून नुकतीच आलेली, डोक्याला कापसाची किटी, म्हणजे वाळल्या पानांचा चुरा, लागलेली. मी सांगितलं, आता पाठवा, कोणी अडवणार नाही.

"कोन म्हन्ते?"

"मी म्हणते. मी लिहून दिलंय."

"वहीत लिवलं ना? कागद तं तसाच टांगेल हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "उद्या दुसरे सायेब येतीन अन् पुन्हा काहाडतीन. पोरगी एक डाव रडत घरी आली, दुसऱ्या डावाले मी पाठवत नाई. बाई, कागदानं काहाडलं, कागदानंच घ्या."

हिच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. मी अमरावतीला परतले ती कागद आणायचाच असं ठरवून. आणि इथे मी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा ती मला जास्त सलते, कारण तोवर मला अक्कल यायला हवी होती.

साधं कलम रद्द करा म्हणायचं सोडून मी योजना लिहिली. बालवाडीला जोडून पाळणाघर, प्रशिक्षित मदतनीस, पाळण्यांची लांबी-रुंदी, दुधाची भांडी, फडकी उकळायची पातेली. सुभद्राबाईंच्या झोळ्यांवरून मी एवढा मोठा डोलारा उभा केला. आमचे साहेब पुण्याचे. "योजना उत्तम आहे," म्हणाले, आणि त्यांनी आपली दोन पानं त्यात घातली. आम्ही दोघंही एकमेकांवर फार खूष होतो.

मग फाईल चालायला लागली. पहिली विचारणा आली: तीन वर्षांखालील मूल हा शिक्षण खात्याचा विषय आहे काय? आम्ही उत्तर दिलं. फाईल समाजकल्याणकडे गेली. त्यांनी कळवलं की सदर मुलांस आईवडील असल्याने ती निराधार या व्याख्येत बसत नाहीत. आरोग्य खात्यानं कळवलं की निरोगी मूल त्यांच्या कक्षेत येत नाही. वित्त विभागानं विचारलं, पाळणे इतके का. तान्हं मूल कोणत्या खात्याचं, हे ठरेना. प्रत्येक विचारणेला मी आणखी सुंदर उत्तर लिहायची आणि मनाशी म्हणायची, काम चालू आहे. अशानं कापसाचे दोन हंगाम गेले. पंचफुला आता आईबरोबर वेचणीला जाऊ लागली होती, मिलिंदला बांधावर निजवून.

आमच्या ऑफिसात बडे बाबू होते, म्हणजे मुख्य कारकून. जुन्या नागपूर सचिवालयात मुरलेले, टोपी काळी, बोलणं कमी. एका दुपारी चौथी विचारणा माझ्या टेबलावर ठेवून ते तिथेच उभे राहिले.

"बाई, तुमाले पायना पाह्यजे का पोरगी शायेत पाह्यजे?"

"पोरगी," मी म्हटलं.

"मंग मांगून कायले राह्यल्या? मांगतलं का धा खाते जागे होतेत. काहाडाले एकच खातं लागते. कलम नऊ काहाडा म्हना, संपलं."

मी कागद पुढे घेतला. तेवढ्यात त्यांनी तीन ओळी सांगितल्यासुद्धा: कलम नऊ अंमलात आणताना अडचणी उद्भवत असून नियमांच्या उद्देशास ते आवश्यक नाही, सबब वगळण्यात यावे. दोन वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर! पण दोन वर्षांपूर्वी मी त्यांना विचारलंच नव्हतं. पदविकावालीनं काळ्या टोपीला काय विचारायचं, असा माझा तोरा होता.

"एक अडचन हाय," बडे बाबू म्हणाले. "वरून पुसतीन का हे कलम कोनाच्या अभिप्रायानं आलं. तो अधिकारी काय म्हन्ते, हे लागन."

"तो अधिकारी मीच."

"मालूम हाय. मीच टाईप करवलं व्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची बढती बी याच वर्षी हाय."

हेही खरं होतं. वर्ग दोनसाठी माझं नाव गेलं होतं. सरकारी नोकरीत चूक होते, पण ती नेहमी 'झाली' असते, कोणी 'केलेली' नसते. तरी मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या तीन ओळींखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "सदर कलम माझ्या अभिप्रायावरून समाविष्ट झाले. तो अभिप्राय मी खेड्यातील परिस्थिती न पाहता दिला होता व तो चुकीचा होता." बडे बाबूंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एवढी नोकरी झाली, फायलीत हे वाक्य पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत, दुखावले. योजनेत त्यांचीही दोन पानं होती ना. "हे तुमच्या गोपनीय अहवालात जाईल, याची कल्पना आहे ना?" मी आहे म्हटलं. बढती त्या वर्षी झाली नाही, तीन वर्षांनी झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. घरी त्या रात्री मी पोटभर जेवले.

फाईल या खेपेला पाच महिन्यांत परत आली. चार ओळींचं शुद्धिपत्रक: कलम नऊ वगळण्यात येत आहे. मी ती प्रत टपालात जाऊ दिली नाही. स्वतः घेऊन निघाले. पुन्हा वेचणीचे दिवस होते, तोच तेल्हाऱ्याचा रस्ता, तीच दमणी. सकाळी सातला मी सुभद्राबाईंच्या दारात उभी होते.

कागद त्यांच्या हातात दिला आणि या वेळी सांगूनही टाकलं. "सुभद्राबाई, आधीचं कलम मी लिहिलं होतं."

त्यांनी चुलीवरची भाकर उलटली. मग कागद माझ्याकडे परत केला. "मंग मी कायले वाचू? तुमी लिवलं व्हतं, तुमीच वाचून दाखवा गोकर्णाले. चला, मी येतो संग."

गोकर्णा अंगणात निघायच्या तयारीत होती. कमरेला ओटी बांधलेली, आणि शेजारी पंचफुलाच्या कमरेलाही. पोरगी अकरा वर्षांची झाली होती, आईच्या खांद्याला लागलेली. मी शुद्धिपत्रक वाचलं, मग साध्या भाषेत पुन्हा सांगितलं. आधीचा कागद माझ्या हातचा होता हेही सांगितलं. म्हटलं, आता तान्ह्याला घेऊन खुशाल या, कोणी काढू शकणार नाही.

गोकर्णानं पंचफुलाच्या मागे पाहिलं. तिथे तिचा परकर धरून एक पोरगा आपल्या पायांवर उभा होता, नाक पुसत.

"तान्हं कुठं राह्यलं, बाई?" ती म्हणाली. "मिलिंद्या तं तीन वर्साचा झाला. हा तं तुमच्या जुन्या कागदानं बी गेला असता."

तिनं हे टोचून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं नुसतं जे होतं ते सांगितलं. माझ्या सुंदर फाईलला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिचं पोर अंगानं वाढून नियमात बसलं होतं. मागे राहिली होती ती पंचफुला. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवायला गेले नाही.

सुभद्राबाई मध्ये पडल्या. "झालं ते झालं. गोकर्णा, तूच म्हन्ली व्हती, कागद आना. त्याईनं आनला. आता तुयी पाळी."

गोकर्णानं थोडा विचार केला. मग पंचफुलाच्या कमरेची ओटी सोडली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

पंचफुला माझ्याकडे वळली. "बाई, मी आता कितवीत बसू?"

"जिथून उठली तिथेच. दुसरीत," मी म्हटलं. "मी येतो तुह्यासंग." ऑफिसची भाषा तोंडातून कधी गळून पडली, मलाच कळलं नाही.

गुरुजींनी नाव पुन्हा चढवलं आणि तिला पहिल्या रांगेत बसवलं. ती सगळ्यांहून वीतभर उंच, म्हणून स्वतःच उठून मागच्या रांगेत गेली. गुरुजींनी पुस्तक दिलं, वाच म्हणाले. ती अक्षराखाली बोट ठेवून वाचू लागली. जोडाक्षराला अडली तेव्हा पुढची पोरं हसली. ती थांबली, पुन्हा मागे गेली आणि ते जोडाक्षर फोडून वाचलं. मग कोणी हसलं नाही.

एवढ्यात मिलिंद शेडमधून सुभद्राबाईंच्या हाताला हिसका देऊन पळत आला आणि थेट बहिणीच्या मांडीवर जाऊन बसला. वर्ग थबकला. पंचफुला त्याला उचलून उठायलाच निघाली, सवयीनं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

"बसू द्या," मी म्हटलं.